कारणाचा रकाना

बटणवाल्याने फोन उलटसुलट करून पाहिला आणि तिच्यापुढे सरकवला.

"मावशी, यात पैसे असतील, मी नाही म्हणत नाही. पण यातून तुम्हाला दोऱ्याची रिळं कशी देऊ?"

"सकाळी यात जास्त दिसत होते हो."

"मग संध्याकाळपर्यंत थांबू नका," तो हसला. "रिळं न्या. बँकेतले आले की द्या."

शिवणकामावर घर चालवलेली बाई ती. उधारीची रिळं पिशवीत टाकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परदेशातल्या लेकीने गेल्या दोन महिन्यांपासून हे क्रिप्टोचं खूळ काढलं होतं. बँक तीन दिवस लावते आणि मधल्या मध्ये पैसे खाते, हे पाच मिनिटांत फोनमध्ये येतात, असं तिचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं.

पण बँकेच्या फॉर्मवर पैसे पाठवण्याचं कारण लिहावं लागे. पंधरा चौकटी, एका चौकटीत एक अक्षर, दोन शब्दांमध्ये एक मोकळी. लोक 'घरखर्च' लिहून मोकळे होतात. लेक मात्र लिहायची, 'गुडघा डॉक्टरला दाखव', 'आज पहिला बर्फ पडला'. शेवटच्या खेपेला होतं, 'भाजी तुझ्यासारखी होत नाही'. ते सगळं आईच्या पासबुकात छापून येई. घर सोडून जाताना मायलेकींचं जे बिनसलं, ते फोनवर तिसऱ्या वाक्याला हमखास वर यायचं. पंधरा चौकटींत भांडायला जागाच नव्हती. आता फोनमध्ये रकमेशेजारी नुसती अक्षरांची आणि आकड्यांची गिचमीड येई. चष्मा पुसून तिने तीही दोनदा वाचली होती.

घरी येऊन तिने फोन लावला.

"बँकेतूनच पाठवत जा गं. बटणवालासुद्धा घेत नाही हे."

"अगं, ते विकून खात्यात घ्यायचे, किती वेळा सांगितलं! बँक किती कापते माहितीये?"

"कापू दे."

"मी तुझ्यासाठी जिवाचं रान करते आणि तुझं आपलं नेहमीचंच—"

आईने पुढचं वाक्य गिळलं. "बरं बाई, तू म्हणशील तसं," म्हणाली आणि फोन ठेवला. लेकीच्या आवाजासाठी जीव तुटत होता आणि तिने स्वतःच तो आवाज बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली.

"परदेशात पैसे पाठवायचेत. लेकीला."

"किती?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"दहा."

"दहा हजार?"

"दहा."

बाईंनी मान वर केली. "मावशी, पाठवायचा खर्च याच्या पन्नासपट होईल. शिवाय तीन दिवस लागतील."

"ठाऊक आहे." तिने शिलाईचे पैसे खिडकीत ठेवले.

बाईंनी फॉर्म भरत आणला. "कारण काय लिहू?"

"ते मी लिहिते."

पेन घेऊन, एकेका चौकटीवर थांबत, तिने लिहिलं, 'भाजीत मीठ शेवटी घाल'.

दोन चौकटी उरल्या. एक मोकळी सोडून शेवटचीत तिने लिहिलं, 'ये'.