देवाचं पाणी आणि वीणाताईंचा कंद

या, जरा जवळ सरकून बसा, टाळ क्षणभर मांडीवर राहू द्या. दुबईच्या बर दुबई भागातल्या एका कुंडीची गोष्ट ऐकवायची आहे.

सत्त्याण्णवच्या पौषात वीणाताई गेल्या. शुक्रवारच्या भजनाचा खडा आवाज त्यांचाच. जाण्याआधी त्यांनी भजनातल्याच नीलिमाला अ‍ॅमरिलिसची फुललेली कुंडी दिली. लालभडक, कर्ण्यासारखी फुलं, कांद्यासारख्या कंदातून उगवणारी. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा फुलव हं." वर्षश्राद्धाला फोटोपुढे हेच फूल ठेवायचं, असं नीलिमानं मनाशी धरलं.

अभिषेकाचं पाणी मोरीत ओतायचं नाही, ही तिच्या घरची रीत. तुळस इथल्या उन्हानं जळालेली. मग ते पाणी रोज या कुंडीत. पानं हातभर वाढली, पण फुलाचा दांडा काही दिसेना.

नवरात्रात शेजारच्या हमीदाभाभी आल्या, रत्नागिरीच्या. त्यांनी मातीत बोट घातलं. "वहिनी, पाणी खलास करा आता. सुकू दे, अंधारात झोपू दे. दिवाळीनंतर उठवा."

"अहो, पौषात ताईंची तिथी आहे, तोवर फुलायला हवं. आणि देवाचं पाणी बंद कसं करू?"

"तुम्ही एकादशी धरता, मी रोजे धरते. ह्यालाच बारा महिने पंगत?" भाभी हसल्या. "कुजला तर ना फूल, ना कांदा."

नीलिमानं कंद दाबून पाहिला. एका बाजूला मऊ लागला. 

दुसऱ्या दिवसापासून देवाचं पाणी खालच्या कडुनिंबाला जाऊ लागलं. कुंडी स्टोअररूममध्ये गेली. पानं पिवळी पडून गळली. "आई, इट्स डेड," इशिता म्हणाली. नीलिमाचा हात कितीदा तांब्याकडे गेला आणि मागे आला. सेवा थांबवणं हीही सेवाच, हे मनाला पटायला वेळ लागला.

दिवाळी सरली तशी तिनं कुंडी खिडकीत आणली, बेतानं पाणी घातलं. तिथी आली तेव्हा मातीतून नुसतं हिरवं टोक डोकावत होतं. फोटोला झेंडूच वाहिला.

माघातल्या एका साध्या दुपारी, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, पहिली पाकळी सुटली. नीलिमानं भाभींना हाक मारली. भाभींनी डोक्यावर ओढणी घेतली, ओठांतल्या ओठांत दुवा मागितली. नीलिमानं फूल तोडलं नाही. फोटोच उचलून कुंडीशेजारी आणून ठेवला.

मंडळी, आज घरी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा वीणाताईंचंही नाव एकदा घ्या.