एक जून

नेपाळातून भारतात यायला व्हिसा लागत नाही, म्हणून मनमाया फार लांब चालली आहे असं तिच्या घरी कुणाला वाटलंच नाही. पास्टर असलेल्या बापाने डोक्यावर हात ठेवला, "खरं बोलत जा," म्हणाला, आणि निरोप संपला. पाच दिवसांनी तोरणमाळच्या घाटावरच्या पाड्यावर, मिशनच्या शाळेच्या पायरीवर ती ट्रंक घेऊन उभी राहिली, तेव्हा परदेश म्हणजे काय ते तिला कळलं. सहा महिने पुस्तकातून घोटलेलं मराठी ती शिक्षिका म्हणून वर्गात बोलली, तर पोरं भिंतीकडे बघत बसली. त्यांची बोली पावरी. मराठी त्यांनाही परकंच. दोन्हीकडून उसनी भाषा, मग बोलणं कसलं डोंबलाचं होणार!

पहिले दोन महिने ती रोज रडली. मक्याची भाकर घशाखाली उतरेना, अंबाडीच्या भाजीने दात आंबायचे. वसतिगृहात स्वयंपाक करणारी कालीबाई तेवढी तिच्याजवळ येऊन बसायची. कालीबाई तहसीलदारालाही अरे-तुरे करणारी बाई. "खा. नाही खाल्लं तर मरशील," एवढंच तिचं सांत्वन. पण ती उठून जायची नाही, ताट रिकामं होईपर्यंत बसून राहायची. मनमायाला तिचा फार आधार वाटायचा.

ऑगस्टमध्ये तिने पहिल्यांदा दाखल्यांचं रजिस्टर नीट पाहिलं. त्रेचाळीस मुलं आणि त्रेचाळीस जणांची जन्मतारीख एक जून! ही जुन्या गुरुजींची करामत. आयांना तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजींना थांबायला वेळ नसायचा. कुणाची तीन वर्षं वाढवली, कुणाचं एक कमी केलं. तेच पुढे आधार कार्डावर चढलं. सगळ्या डोंगरात कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते मनमायाचं, कारण खोटं नजरेस पडलं की तिला चैन पडत नसे.

मग दिवाळीपासून ती घरोघर जाऊ लागली. चुलीपाशी बसायचं, दिलेला कोरा चहा प्यायचा आणि विचारायचं, हे पोर कधी झालं? आया आठवून सांगायच्या. नाल्याला मोठा पूर आला त्या साली, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत. पाड्यावर पहिली जीप आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. जीपची तारीख तिने तळोद्याच्या भाग्येश ड्रायव्हरला विचारली. तो छाती फुगवून म्हणाला, "ती तारीख माले पाठ शे, बाई. मन्हीच गाडी व्हती ती!" असं जुळवत जुळवत तिने लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक लेकराला त्याचा खरा दिवस मिळवून दिला. त्या दिवशी त्याला गुळाचा खडा मिळे, सगळा वर्ग टाळ्या वाजवी. पोरं आपापला दिवस रस्त्याने ओरडत सांगत सुटायची. बाया तिला "आपली बाई" म्हणू लागल्या. आपण इथल्या झालो, असं तिने घरी पत्रात कळवलं.

वहीचं पहिलं पान कालीबाईच्या मुलीचं, मोगीचं होतं. मोगी आणि तिची जिवाभावाची मैत्रीण रमिला, दोघी नववीतून शाळा सोडलेल्या. आदल्या वर्षी होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात दोघींनी आपापला नवरा पसंत केला होता, घरच्यांनी रीतीप्रमाणे मान्यही केलं होतं. मोगी आमशाच्या घरी गेली, रमिला इंद्रसिंगच्या घरी सून म्हणून गेली. कागदावर दोघी एकोणीस वर्षांच्या. वहीत सोळा.

मार्चमध्ये मोगीचे दिवस भरत आले आणि तिचे पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. डॉक्टरांशी बोलायला कुणीतरी हवं म्हणून कालीबाईने मनमायाला सोबत घेतलं. भाग्येशची जीप घाट उतरून शहरातल्या दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी मोगीचा रक्तदाब पाहिला, आधार कार्ड पाहिलं, मग मोगीच्या तोंडाकडे पाहिलं.

"एकोणीस? वाटत नाही."

आमशाने कार्ड परत घ्यायला हात पुढे केला. कालीबाई फरशीकडे बघत राहिली. मनमायाला वाटलं, खरं वय कळलं तर औषध बरोबर मिळेल. तिने पिशवीतून लाल वही काढली, पहिलं पान उघडलं आणि जराशा अभिमानानेच सांगितलं, "सोळा वर्षं, चार महिने. मी स्वतः शोधून काढलंय."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना हे ऐकायचं नव्हतं, पण आता ऐकलं होतं, आणि कायद्याने कळवणं भाग होतं. संध्याकाळी मोगीला मुलगा झाला. संध्याकाळीच पोलीस आले. आमशाने मुलाचं तोंडही पाहिलं नव्हतं, तोवर त्याला गाडीत बसवलं. आठवड्याने मोगीला बाळासकट मुलींच्या बालगृहात पाठवलं. आईच्या घरी पाठवायला अधिकारी तयार नव्हते, कारण लग्न आईनेच लावून दिलं होतं.

पाड्यावर कुणी मनमायाला शिवी दिली नाही. दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. कालीबाई पूर्वीसारखीच ताट वाढायची आणि उठून जायची. मग एकेक आई शाळेत येऊ लागली. दारात उभी राहून म्हणायची, "माझ्या पोराचं पान दे." मनमाया पान फाडून द्यायची. बाई ते घडी करून कमरेला खोवायची आणि घरी जाऊन चुलीत घालायची. एप्रिल संपता संपता वहीत एकच पान उरलं. रमिलाचं. ते मागायला कुणी आलं नव्हतं.

मे महिन्यात, ऐन दुपारी, रमिलाच्या कळा सुरू झाल्याचं कळलं. सकाळपासून सुटत नव्हती. मनमाया धावतच इंद्रसिंगच्या घरी गेली. भाग्येशने जीप दाराशी आणून लावली होती. "गाडी तयार शे, आते उशीर नका करू," तो परत परत सांगत होता. आतून रमिलाचं कण्हणं ऐकू येत होतं. म्हातारा इंद्रसिंग उंबऱ्यात बसला होता, हलायला तयार नव्हता.

"दवाखान्यात चला," मनमाया म्हणाली. "पोर मरेल."

"तिथं वय विचारतात."

"मी एकोणीस सांगेन. येशूची शपथ. वही इथेच जाळते, हे बघा." तिने ते शेवटचं पान फाडून त्याच्यापुढे धरलं.

इंद्रसिंगने पानाकडे पाहिलंही नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने हुज्जत घातली असती.

"तू खोटं बोलत नाहीस, बाई. साऱ्या डोंगराला माहीत आहे."

"मग मी येत नाही! मी इथेच थांबते, तुम्ही जा!"

"तिथं आता आमच्या पोरींचं तोंड बघूनच विचारतात," तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला. मनमायाने त्याचे पाय धरले, त्याने हळूच सोडवून घेतले. दिवस कलायच्या आत रमिला गेली. मूल आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राचे करणसिंग मृत्यूची नोंद करायला आले. इंद्रसिंगच्या घरात कुणी बोलेना, म्हणून ते शाळेत आले. मनमाया स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. आत कालीबाई भाकऱ्या थापत होती.

"मयत मुलगी तुमच्याच शाळेतली ना? वय काय लिहू?" करणसिंगांनी विचारलं.

"एकोणीस," मनमाया म्हणाली.

"नक्की?"

"जन्मतारीख एक जून. रजिस्टरला आहे."

त्यांनी लिहून घेतलं आणि ते गेले. आत भाकरी थापायचा आवाज थांबला. कालीबाई दारात आली. हात पिठाने भरलेले होते. मार्चपासून ती मनमायाशी एक शब्दही बोलली नव्हती.

"आता आलं तुला बोलायला," कालीबाई म्हणाली.