दोन कपाटांतला किडा

चारुलतानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "सर, हे दोन किडे नव्हेत. अस्का, सगळा मिळून, एकच आहे."

नुंगंबाक्कमच्या त्या संशोधन केंद्रात सेतुमाधवसरांशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. दोघंही तंजावरकडचे, म्हणून खोलीत घरची तंजावरी मराठी चाले एवढंच.

"काल कोवलमहून चिखल आणला. अर्धे किडे जिवंत तसेच स्पिरिटात टाकले. ते आक्रसले, केस झडले. हुबेहूब पहिल्या कपाटातले. उरलेले आधी गुंगवले, मग टाकले. ते झाले दुसऱ्या कपाटातले."

सर चष्मा पुसत राहिले.

समुद्रातल्या या किड्याला कोवलम गावावरून नाव दिलेलं होतं. केंद्राचं पुस्तक निघालं तेव्हा छापखान्यात त्या नावातलं एक अक्षर बदललं. पुढच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुस्तकात बघून लिहिल्या गेल्या, आणि नावं अक्षरांच्या क्रमानं लावायची शिस्त, म्हणून त्या बाटल्या शेजारच्या कपाटात गेल्या. त्याच सुमारास किडे मारायची रीतही बदलली होती. दोन नावं, दोन कपाटं, दोन रूपं! सरांनी त्यावर लेख लिहून दुसरी जात जगापुढे मांडली आणि मोठे झाले. त्या दोन जातींतल्या फरकावर चारुलतानं चार वर्षं घालवली होती. महिन्याभरात प्रबंध द्यायचा होता. पदवी मिळाली तर इथलीच नोकरी, आणि आप्पा, तिचे वडील, गेल्यापासून सगळं घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं.

"ठाऊक आहे मज," सर म्हणाले.

"केव्हापासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"अय्यो! मग मला का दिलात हा विषय?"

"दुसरं कोण आलं असतं तर त्याला दिलं असतं." सरांचा आवाज जराही चढला नाही. "दुसरी जात माझ्या नावावर आहे, मा. प्रबंध तुझ्या नावावर होईल. किडा एक झाला की दोघंही गेलो. मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. तू काय करशील? सरि, ठीक आहे, बाटल्या जागच्या जागी ठेव जा."

चारुलताला शिसारी आली. आधी त्यांची, आणि बाटल्या उचलल्या तेव्हा स्वतःची. एक या कपाटात ठेवली, एक त्या.

प्रबंध वाखाणला गेला. नोकरी लागली. निरोपसमारंभात सरांना हार तिनंच घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती झाकून धरणाऱ्याची बोटं किती दुखतात ते कुणी विचारत नाही. रोज सकाळी कपाटं उघडताना तिला सरांचा राग येई, आणि राग यायचा आपल्याला काय हक्क, हेही लगेच आठवे.

काही वर्षांनी तिच्या हाताखाली पहिली विद्यार्थिनी आली. त्रिचीची कामाक्षी, चुणचुणीत पोरगी. चारुलतानं दोन्ही किडे तिच्यापुढे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

"मॅडम, मला तर दोन्ही सारखेच वाटतात," कामाक्षी म्हणाली. "एक जरा सुकलाय, इतकंच."

चारुलतानं तिच्याकडे पाहिलं. होय म्हटलं की संपलं असतं. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी ते तोंडानं बोललं होतं, आणि तिला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं.

"पुन्हा बघ," ती म्हणाली.

कामाक्षीनं पुन्हा वाकून बराच वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा ती ओशाळली होती.

"हो मॅडम. आता दिसला फरक."