ड्युटीवरचे पाय

माझा नवरा रेल्वेतून रिटायर झाला, पण त्याचे पाय झाले नाहीत. हे मी शेजारणींना हसत हसत सांगायचे. हसण्यामागचा वैताग मात्र माझा मलाच ठाऊक होता.

त्यांचं नाव सहादू. कागदावर लिहिते म्हणून घेतलं, एरवी मी ‘हे’च म्हणते. तेहतीस वर्षं इगतपुरीच्या घाटात गँगमन होते. पावसाळ्यात दरड पडली का, हिवाळ्यात थंडीनं रुळाला तडा गेला का, हे पाहत रात्रभर रुळांच्या कडेनं चालायचं, ही त्यांची गस्त. दोन हजार एक साली नोकरी संपली, हार-नारळ झाला आणि आम्ही नाशिकरोडला जेलरोडच्या मागच्या बाजूला बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. पुढे ओटा, ओट्यापुढे लांबोडकं अंगण, एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला फाटक. मला वाटलं, आता तरी माणूस रात्री घरात दिसेल.

दिसायचा, पण अंगणात. अंथरुणाला पाठ टेकली की दहा मिनिटांत पाय सुरू. आधी एकावर एक घासायचे, मग झटकायचे, मग गुडघ्यात दुमडायचे, शेवटी उठून बाहेर. चालले की बरं, आडवे झाले की पुन्हा तेच. पहाटे कसाबसा डोळा लागला तरी पाय आपला उडायचा, तो नेमका माझ्या नडगीवर. वर्षभर सोसलं आणि एक दिवस त्यांची खाट उचलून ओट्यावर टाकली.

“पायांना अजून कळलं नाय ड्युटी संपली म्हून,” ते म्हणायचे.

मलाही ते पटलं होतं. तेहतीस वर्षं चाललेले पाय, एका दिवसात कसे बसतील? सवयीला का कुठं औषध असतं? त्यामुळे डॉक्टरकडे जायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गस्तीचा एक नियम मी इतक्यांदा ऐकलाय की मला तो झोपेतसुद्धा सांगता येईल. एक माणूस या टोकाकडून निघतो, त्याचा जोडीदार त्या टोकाकडून. मध्यावर भेटायचं, आपापली गस्तीची वही एकमेकांना द्यायची आणि मागं फिरायचं. वह्या बदलल्या म्हणजे दोघंही पूर्ण चालले हे साहेबाला कळतं. आणि जोडीदार आलाच नाही तर? तर वाट बघत थांबायचं नाही. तो सापडेपर्यंत पुढं चालत जायचं. एका रात्री धुक्यात लहानू आला नाही. लहानू म्हणजे यांचा बारा वर्षांचा जोडीदार. हे पुढं गेले, तर रुळावर दरडीचा ढीग, आणि पलीकडे लहानू लाल कंदील हलवत एकटाच उभा. गाडी वेळेवर थांबवली दोघांनी. पण जोडीदार आला नाही म्हटलं की हे आजही जागचे उठून उभे राहतात.

दोन हजार तीनच्या मार्गशीर्षात आमची मोहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. जावई नवनाथ पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजवर, हंगाम तोंडावर आलेला, म्हणून तो तिला सोडून लगेच परतला. पोरीचा चेहरा पाहिला, तर पार उतरलेला. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले, पोट तेवढं पुढं. “झोप येत नाही गं आई,” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, व्हायचंच. तूप-भात, शिरा, खारकांची खीर, जे सुचेल ते करून घालू लागले.

चौथ्या रात्री मला जाग आली. बाहेर पावलं वाजत होती. यांची असणार म्हणून कूस बदलली, पण कान काही स्वस्थ बसेना. पावलं दोन तऱ्हेची होती. एक मला पाठ असलेली. दुसरी हलकी, जरा ओढल्यासारखी.

दाराच्या फटीतून पाहिलं. धुकं अंगणात उतरलं होतं, रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा उजेड त्यात विरघळून फाटकापाशीच राहिला होता. टाकीकडून हे येत होते, फाटकाकडून माझी पोर, अंगावर शाल, एक हात पोटाखाली. दोघं धुक्यात दिसेनासे व्हायचे, पुन्हा उमटायचे. शेवग्याच्या झाडाशी, अगदी मध्यावर, दोघं भेटले. “वही?” यांनी विचारलं. तिनं शालीतून एक वही काढून दिली, यांनी आपली तिला दिली. तिच्या शाळेतल्या जुन्या वह्या होत्या त्या, माळ्यावरच्या. मग दोघं वळले आणि आपापल्या टोकाला निघाले. क्षणभर मला वाटलं मी इगतपुरीच्या क्वार्टरमध्येच आहे, खिडकीशी, आणि घाटात कंदील चाललाय.

मग भानावर आले आणि अशी भडकले!

“पोटुशी बाई ती! या थंडीत? तुमचं वेड तिला लावू नका हं, सांगून ठेवते!”

हे शांतपणे म्हणाले, “म्या नाय लावलं. मी उठलो तवा ती आधीच चालत व्हती.” मग जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “विमल, ही तर कधी लायनीवर चालली नाय. मग हिचे पाय कुठल्या ड्युटीवर हायेत?”

मला एकदम आठवलं. मोहिनी आठ-नऊ वर्षांची असताना अभ्यासाला बसली की पाय हलवायची. तिन्हीसांजेला पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते म्हणून मी तिच्या मांडीवर चापट मारायचे. रात्री म्हणायची, “आई, पायांना कसंतरी होतंय.” मी म्हणायचे, दिवसभर हुंदडतेस, होणारच. आणि तिच्या पायांवर माझा पाय टाकून झोपून जायचे. किती चापटा मारल्या असतील, हिशेब नाही.

दोन दिवसांनी ती न्हाणीत उभ्या उभ्या पेंगली आणि घसरली. भिंतीला हात टेकला म्हणून वाचली. त्याच आठवड्यात तपासणीची तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी पोट मोजलं, कागद चाळले आणि कपाळाला आठी घातली. बाळाची वाढ हवी तेवढी नाही, रक्त कमीच आहे आणि आई अशी जागी राहिली तर चालायचं नाही, असं स्पष्ट म्हणाल्या. “झोप का नाही लागत?”

“पाय दुखतात,” मोहिनी म्हणाली.

डॉक्टरकडे गेलं की आपण तेच म्हणतो. दुखतं. दुसरा शब्द कुठं असतो? बाई तेल लावायला सांगू लागल्या.

तेवढ्यात हे, बाहेरच्या बाकावर बसलेले, दार ढकलून आत आले. बायकांच्या तपासणीच्या खोलीत, चपला बाहेर काढून, हातात टोपी. आयुष्यात साहेबापुढंही आपणहून न बोललेला माणूस.

“दुखत नाय, बाई,” ते म्हणाले. “दुखलं तर बरं, दाबता तरी येतं. ते आत वळवळतं. पोटरीच्या आत, हाडाशी. खाजवायला घावत नाय. पाय हलवला की थांबतं, ठेवला की परत येतं. दिवसा नाय. सांज झाली की येतं आन् आडवं झालं की लय येतं.”

मोहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. “हेच. अगदी हेच,” म्हणाली आणि रडायला लागली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला कसं माहीत, बाबा?”

“माजंबी तेच हाय. चाळीसएक वर्सं झाली.”

म्हणजे लग्नाच्या आधीपासून! नोकरीच्या आधीपासून! आणि मी रेल्वेला शिव्या घालत होते.

बाईंनी आम्हाला बसवून सांगितलं. हा आजार आहे, वेड नाही आणि खोडही नाही. पुष्कळदा घराण्यात असतो, बापाकडून लेकीकडे येतो. गरोदरपणात वाढतो, आणि अंगात लोह कमी असलं तर फारच. “लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. घेतेस ना?”

“रोज घेते.”

“कशाबरोबर?”

इथं मी मोठ्या तोऱ्यात तोंड उघडलं. “चहाबरोबर देते मी. तोंडाची चव जाते ना, म्हणून. सासरी होती तेव्हापासून सांगितलंय फोनवर, चांगला कडक चहा घे वरून.”

बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, “आजी, चहा त्या गोळीतलं लोह अंगी लागूच देत नाही.”

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तीन महिने. रोज. आधी माझ्या सांगण्यावरून, मग माझ्या हातानं, आलं घालून.

त्या दिवशी घरातला चहाचा डबा मी फळीच्या टोकाला सरकवला. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर सुरू झाली, दोन्ही वेळच्या जेवणाच्या मध्ये. गूळ-शेंगदाणे, बाजरीची भाकरी, पालेभाजी. दुपारची लोळण बंद, सकाळी उठायची वेळ एकच. निजायच्या आधी कोमट पाण्यात पाय, मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. सर्दीची असो की कसलीही, मनानं कुठलीच गोळी घ्यायची नाही, कारण काही गोळ्यांनी हे वाढतं. यांचंही रक्त बाई बघणार होत्या, पण हे म्हणाले, “आधी तिचं हुंद्या.”

एका दिवसात काही होत नाही, हेही बाईंनी बजावलं होतं. रात्री तेवढ्याच लांब होत्या. मी मोहिनीच्या पोटऱ्या चोळत बसायचे आणि हे उशाशी बसून तिला लायनीवर न्यायचे.

“डोळे मिट. कंदील घे हातात. घेतला? चल. खडी वलीय, दमानं. डाव्या हाताला दरीतून ढग येतंय, येऊ दे, काय करत नाय ते. आता पूल. खाली पाणी वाजतंय. पाणी सरलं की वळण...”

“बोगदा कधी येतो?” ती झोपेच्या काठावरून विचारायची.

“येतो की. बोगद्यात काय दिसत नाय, पर पायाला ठावं असतं. एक हात भिंतीला. भिंत गार हाय. चल...”

मी पोटरी चोळत असायचे आणि माझ्याच हाताला गार दगड लागायचा. कधी मीच पेंगायचे आणि बोगद्याच्या पलीकडे यांचा आवाज ऐकू यायचा. मग मोहिनीचा पाय हातातून निसटायचा, ती उठायची आणि दोघं वह्या घेऊन अंगणात जायचे.

एका रात्री मी तिला म्हणाले, “लहानपणी मी तुला मारायचे गं या पायांवरून. चुकलं माझं.”

“तू रात्री तुझा पाय टाकायचीस ना अंगावर,” ती म्हणाली, “त्याच्या वजनानं बरं वाटायचं. त्यावरच झोपायचे मी.” मला रडू आवरलं नाही. तेव्हापासून चोळून झालं की मी तिच्या पायांवर आमची जड गोधडी दुहेरी घालून टाकू लागले.

पौष निम्मा सरला. ती रात्रीतून चारदा उठायची ती तीनदा उठू लागली, मग दोनदा. आणि मग ती रात्र आली.

दोन वाजून गेले होते. हे नेहमीसारखे खाटेवरून उठले, वही घेतली आणि टाकीपासून निघाले. मी जागीच होते, खिडकीशी. धुकं इतकं की शेवगा नुसताच काळा दिसत होता. हे मध्यावर पोचले. थांबले. फाटकाकडे बघत राहिले.

फाटकाकडून कुणी आलं नाही.

मला त्यांची पाठ ताठ झालेली दिसली. दोन क्षण, आणि मग हे निघाले, फाटकाकडे, तिथून वळून ओट्यावर, चपला वाटेत कुठंतरी सुटल्या, तिच्या खोलीच्या दाराशी. मी मागोमाग धावले.

मोहिनी डाव्या कुशीवर झोपली होती. तोंड जरासं उघडं. उशाशी तिची वही. गोधडीतून एक पाऊल बाहेर आलेलं, आणि ते पाऊल हलत नव्हतं. आम्ही दोघं म्हातारे त्या पावलाकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक.

“नाय आली ती,” हे कुजबुजले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. “विमल, जोडीदार नाय आला माजा.”

मी ते पाऊल गोधडीत घेतलं. आम्ही दार लोटून बाहेर आलो. हे खाटेवर बसले, पण त्यांचे पाय लगेच एकमेकांवर घासू लागले. त्यांचं रक्त सोमवारी बघायचं होतं. मला त्या खाटेची लाज वाटली. चाळीस वर्षं हा माणूस एकटा चालला आणि मी दार लावून घेतलं.

मी परत आत गेले, मोहिनीच्या उशाची वही अलगद उचलली, डोक्यावरून शाल घेतली आणि फाटकाच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

“तू कुठं?” यांनी ओट्यावरून विचारलं.

“उठा,” मी म्हणाले. “टाकीकडून निघा तुम्ही. मी इकडून येते.”