डावीकडे फाटणारा मांडा

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. मी एक जुनं खापर आहे. मातीचं, पालथ्या घमेल्यासारखं, पाठ काळीकुट्ट. माझ्या पाठीवर मांडे भाजतात. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण लाटायची नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरायची.

पिंप्राळ्याच्या रत्नाअक्काच्या चुलीवर माझा जन्म गेला. अक्काचा मांडा एवढा पातळ, की एकदा वाऱ्यानं उडाला तो थेट बोदवड स्टेशनाच्या खांबाला अडकला. पिवळा सिग्नल समजून ड्रायव्हरनं गाडी हळू केली! खोटं वाटतं? वाटू द्या. दमल्या जिवाला एवढी थाप माफ असते.

पुढचं मात्र खरं आहे, आणि ते सांगताना धाप लागते.

अक्काचा मांडा डावीकडे जाड राहायला लागला. मग फाटायला लागला. पुरण माझ्या पाठीवर सांडून जळायचं. तिचा डावा हात मांडीवर निवांत असला की थरथरायचा, पीठ उचललं की थरथर थांबायची, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. हसू तिच्या तोंडावर उमटेना, तर शेजारणी म्हणाल्या, "अक्काले भलता भाव चढी गया!" मळलेलं पीठ समोर घेऊन ती नुसती बघत बसायची. आता पुढं काय करायचं, ते आठवायचं नाही.

तिचा नवरा निंबाआबा म्हणायचा, "वय व्हयनं तुनं."

"मना हात बरा शे! हाई खापरच बिघडनं शे!"

मांडे गेले तर आपण कोण, ही भीती होती तिला. ती माझ्यावर ओरडायची, तेवढाच तिला धीर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पुनम साक्रीहून माहेरी आली, ती नवं खापर घेऊनच. मला न्हाणीच्या भिंतीला टेकवलं. तिथून सगळं दिसत होतं. पहिला मांडा डावीकडे फाटला. दुसराही.

"माय, खापर तर नवं शे," पुनम हळूच म्हणाली.

अक्कानं हात पदराखाली लपवला.

"अंगणात जरा चाल बरं," पुनमनं शंका येऊन सांगितलं.

अक्का चालली. उजवा हात झुलत होता, डावा अंगाला चिकटलेला, पाऊल घासत होतं.

"डावा हात काय दांडीवर वाळत टाकेल शे का?" पुनमनं हसायचा प्रयत्न केला. अक्का मटकन बसली. "बेटा, हात गया ते मी कसानी रत्नाअक्का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, कंपवाताची सुरुवात आहे. हात, चाल, आठवण, सगळं हळू होतं. हा आजार पुरता जात नाही, पण गोळ्या, चालणं आणि हाताला काम, यांनी सांभाळता येतो.

घरी आल्यावर अक्कानं मलाच चुलीवर मागितलं. मांडे आता भाकरीएवढे होतात. ती अडली की आबा "मीठ, मीठ" म्हणून आठवण करून देतो. मीठ पडलेलं असतं, तरी देतो.

मित्रांनो, घरात कुणाचा हात थरथरला, पाऊल घासलं, हसू हरवलं, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. दवाखान्यात न्या. आणि त्यांच्या हातातलं हळू चाललेलं काम हिसकावू नका.

चूल पेटली आहे. अक्का पिठाकडे बघतेय. बघू दे. तोवर मी तापत राहीन.