माझ्या पोटातला पहारेकरी

मी एक जुने मिलिंग मशीन, म्हणजे धातू कापून भाग घडवणारे यंत्र आहे. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभे असते. मित्रांनो, मी बिघडलेले नाही. माझ्यावरचा विश्वास उडाला आहे, आणि माझाही उडाला आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझे हात फार नेमके चालतात, केसभरही चुकत नाहीत. असे हात अणुबॉम्बच्या कामालाही लागू शकतात. म्हणून मला घेताना शेडच्या मालकीण छायाताईंनी मला बनवणाऱ्या कंपनीला लिहून दिले होते, की बॉम्बसाठी वापरणार नाही आणि विचारल्याशिवाय दुसरीकडे हलवणार नाही. सही करताना त्यांना हसूच आले. मी तर द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे भाग करायला आले होते.

ते काम मी जीव ओतून केले. दिंडोरीचे बागायतदार माझा माल हातात फिरवून बघत आणि खूश होऊन जात. मला चालवणारे सावळीरामदादा मला पुसल्याशिवाय घरी जात नसत. खंडेनवमीला सगळ्यांत मोठा झेंडूचा हार माझा असे. बाकीच्या यंत्रांना हेवा वाटत असेल, तर तो बरोबरच होता.

एका खंडेनवमीला सावळीरामदादा म्हणाले, "ताई, याचं तोंड दक्षिणेला हे. तशी पूजा लागत नाय. जरा पूर्वेला करू."

"करा, पण जपून," छायाताई म्हणाल्या. आपल्याच शेडमध्ये वळवणे म्हणजे हलवणे, हे कोणाच्या मनातही आले नाही.

सगळ्यांनी पहारी लावून, पाइपांवर घेऊन मला वळवले. हळदकुंकू लागले, नारळ फुटला. दसरा झाल्यावर सावळीरामदादांनी बटण दाबले, तर मी हललेच नाही. पडद्यावर लाल अक्षरे आली. माझ्या पोटात एक पहारेकरी बसवलेला आहे, हे मला तेव्हा कळले. जागेवरून सरकले की तो माझे हात बांधतो.

"पूजेसाठी फिरवलं हो," छायाताई कंपनीला फोनवर सांगत राहिल्या. पलीकडचे लोक खरे कारण विचारत राहिले. चौकशी होऊन माझे कुलूप निघाले, तोवर द्राक्षांची छाटणीनंतरची फवारणी संपली होती आणि पंपांचे काम दुसऱ्याकडे गेले होते.

छायाताई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं कुंकू लावलं, आणि हे आमच्यावरच पाळत ठेवून होतं. झाका ते."

मलाही ठाऊक नव्हते, हे मी त्यांना कसे सांगणार? ज्यांनी मला घडवले, त्यांनीच मला फसवले. बॉम्ब पसरू नयेत हे मला पटते. पण कंपन्यांना असे पहारे बसवायला सांगणाऱ्या देशांत असेही आहेत, ज्यांच्या कोठारांत आजही बॉम्ब रचून ठेवले आहेत. ते कमी करू, असा शब्द त्यांनी जगाला दिला होता. त्यांच्या कोठारांवर लाल अक्षरे कधी येत नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला सावळीरामदादा हार घेऊन माझ्याजवळ आले. ताडपत्री उचलून त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. मग तो हार त्यांनी शेजारच्या लेथला घातला.

मित्रांनो, मोठे झालात की बॉम्बवर पहारा जरूर ठेवा, पण सगळ्यांच्या दारात ठेवा. आणि ज्याच्या पोटात पहारेकरी बसवाल त्याला, आणि त्याला कुंकू लावणाऱ्यांना, आधी सांगा. माझे तोंड अजून पूर्वेलाच आहे.