महादेवराव सरांचं विज्ञान

महादेवराव सरांनी मेहकरात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्यातलं काडीइतकंही त्यांच्या अंगी लागलं नव्हतं. हे जयमालेला कळायला एक चहा पुरला.

जयमाला सुलतानपूरच्या गोविंदाची थोरली मुलगी. गुजरातेतल्या अणुवीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, सहा वर्षांपासून पाळ्या करत होती. अणुभट्टी चालवायची, तिची ताकद कमी-जास्त करायची, काही बिनसलं तर डोकं शांत ठेवून ती बंद करायची, याचा रीतसर परवाना तिच्या नावावर होता. तो मिळवताना भलेभले इंजिनिअर रडकुंडीला येतात. स्थळ चुलत्यानं आणलं होतं. सरांचा मुलगा कुलदीप, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. तीन महिने फोनवर तो गोड बोलला होता. ‘मले तुह्या कामाचा अभिमान वाटते,’ असंही एकदा म्हणाला होता. म्हणून रजा काढून ती आली आणि बापलेक घर बघायला मेहकरला गेले.

बैठकीत आदर्श शिक्षक पुरस्काराच्या तीन फ्रेमा होत्या. सोफ्यावर गोविंदाला बसवलं. जयमालेसाठी दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकलेली होती. सरांची बायको शारदाबाई आपल्या मुतखड्याचं, उन्हाळ्यात झालेल्या सीटी स्कॅनचं सगळं सांगून मग चहा घेऊन आल्या. गोविंदाला, सरांना, कुलदीपला चिनी मातीचे कप. जयमालेला बसस्टँडवर मिळतो तसला कागदी कप.

कप कमी पडले असतील, असं तिला वाटलं. पण समोरच्या काचेच्या कपाटात तसलेच आठ कप उपडे घातलेले होते.

“तिकडे अंगात घालता ते कपडे घरी आणता का तिथंच ठेवता?” शारदाबाईंनी विचारलं.

“तिथंच राहतात, काकू. निघताना हातपायही तपासूनच बाहेर सोडतात.”

“म्हंजे अंगाले लागतेच ना काहीतरी!” शारदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

सरांनी घसा खाकरला. समोर चाळीस पोरं बसली असावीत, अशा आवाजात ते म्हणाले, “हे पाहा बेटा, मी विज्ञानाचा माणूस. अंधश्रद्धेला आमच्या घरात थारा नाही. पण किरणोत्सार रक्तात मुरतो. पुढच्या पिढीचा प्रश्न आहे. मूल निकोप होईल असं मोठ्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून दे, मग आमची काही हरकत नाही.”

जयमालेनं कुलदीपकडे पाहिलं. तो मोबाईलवर काहीतरी वाचत असल्यासारखा बसला होता.

“तुम्हालाही सर्टिफिकेट पाहिजे का?”

“पप्पा म्हणून राह्यले तर...” तो म्हणाला. “फॉर्मॅलिटी आहे फक्त.”

राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. राग यायला समोर माणूस लागतो. इथं तिला नुसती किळस आली. या बिनकण्याच्या पोराशी आपण तीन महिने हसून बोललो, याची जास्त आली.

“सर, धोका असतो, म्हणूनच मोजतात,” ती म्हणाली. “आमच्या छातीवर बिल्ला असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. गेल्या अख्ख्या वर्षात माझा आकडा दीडच्या आसपास आला. काकूंच्या पोटाचं स्कॅन झालं, त्या एका स्कॅनमध्ये त्याच मापानं आठ-दहा होतात. मग काकूंना तुम्ही चहा कशात देता?”

शारदाबाई नकळत सोफ्याच्या कडेला सरकल्या. सर फ्रेमांकडे पाहू लागले.

गोविंदाचं लक्ष तेव्हा कुठे लेकीच्या हातातल्या कपाकडे गेलं. त्यानं आपला भरलेला कप बशीसकट खाली ठेवला.

“गुर्जी, माह्या दोन पुतण्यायले तुमीच शिकवलं,” तो उठत म्हणाला. “ते नापास काऊन झाले, ते आज कयलं. चाल माय.”

बसमध्ये डोणगावची एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन शेजारी बसली होती. तिच्याशी गोविंदा सुलतानपूर येईपर्यंत पावसापाण्याचं बोलला. उतरताना लेकीची पिशवी मात्र त्यानं आपल्या खांद्यावर घेतली.

चार महिन्यांनी सरांचा फोन आला. आवाजात तूप. त्यांचा पुतण्या ऋत्विक आयटीआय झाला होता आणि तिच्या केंद्रात भरती निघाली होती. “क्वार्टर मिळते म्हणतात. दवाखानाही. तू एक शब्द टाक बेटा.”

“त्याच्या रक्ताचं काय, सर?”

“छे छे, आता सगळं सुरक्षित असते! मी वाचलं आहे.”

शब्द टाकून तिथं कुणी लागत नाही, परीक्षा द्यावी लागते, असं तिनं सांगितलं. अर्ज कुठं भरायचा, अभ्यास काय करायचा, तेही नीट सांगितलं. ऋत्विकनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. मग तिनं सरांचा नंबर कायमचा ब्लॉक करून टाकला.

ऋत्विक पास झाला, फिटरच्या ट्रेनिंगला लागला. आठवड्याभरात मेहकरच्या चौकात बॅनर झळकलं: ‘अणुशास्त्रज्ञ ऋत्विक यांचे हार्दिक अभिनंदन.’ ऋत्विकचा फोटो पासपोर्टएवढा. मार्गदर्शक महादेवराव सरांचा दरवाज्याएवढा, हात जोडलेला.

गोविंदानं बॅनरचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. “पाह्यलं का? फाडून आणू काय?”

“राहू द्या बाबा,” जयमाला म्हणाली. “त्या माणसासाठी तुमी काऊन शिडी चढता? जेवले का?”

“हाव.”

“मंग झोपा थोडं. माही ड्युटी लागून राह्यली.”

तिनं फोन लॉकरमध्ये ठेवला, बिल्ला छातीला लावला आणि आत गेली.